‘शेतकरी’ पत्राचा संपादक आणि जमिनीचा प्रश्न : लिथुआनियाचे विन्त्सस काप्सुकस

१९१९ च्या जानेवारीत लाल सेनेने विल्नियस शहर घेतले आणि तिच्या मागोमाग एक अडतीस वर्षांचा संपादक तिथे राज्य करायला आला. नाव विन्त्सस मित्स्केव्हिचियस. इतिहासाला परिचित असलेले टोपणनाव काप्सुकस. साडेतीन महिन्यांत शहर हातचे गेले. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यांचे प्रजासत्ताकच नकाशावरून पुसले गेले होते. हा माणूस शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, तरुणपणी ‘शेतकरी’ याच नावाचे पत्र चालवणारा. आणि त्याची सत्ता खेड्यात रुजली नाही, कारण त्याने शेतकऱ्याला जमीन देण्याचे नाकारले. हे कसे घडले, त्याचा हा #थ्रेड.

आधी भूगोल. लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. तिथली भाषा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपल्या नात्यातली म्हणून ठाऊक असते. देवाला तिथे ‘दिएव्हस’ म्हणतात, अग्नीला ‘उग्निस’ आणि मुलाला ‘सूनुस’. संस्कृतातला ‘सूनु’ सहज आठवावा. एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख रशियन झारच्या अमलाखाली होता. १८६३ चा उठाव चिरडल्यानंतर झारशाहीने एक विलक्षण हुकूम काढला : लिथुआनियन भाषा लॅटिन लिपीत छापायची नाही, छापायची तर रशियन लिपीत. ही बंदी १९०४ पर्यंत टिकली. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे आपल्या लिपीतले प्रार्थनापुस्तक बाळगणे हाही तिथे गुन्हा होता.

लोकांनी उपाय शोधला. सीमेपलीकडे पूर्व प्रशियातल्या टिल्झिटसारख्या गावांत पुस्तके छापायची आणि रात्रीबेरात्री, बर्फातून, पाठीवर गाठोडी टाकून ती आत आणायची. या चोरट्या वाहतुकीत माणसे पकडली गेली, सैबेरियात गेली, गोळ्यांना बळी पडली. लिथुआनियन राष्ट्रवाद घडला तो या गाठोड्यांतून. याच वाटेने आलेली दोन नियतकालिके आपल्या कथेत महत्त्वाची आहेत : ‘व्हार्पस’, म्हणजे घंटा, हे सुशिक्षितांसाठी, आणि ‘ऊकिनिन्कस’, म्हणजे शेतकरी, हे साध्या कुणब्यासाठी.

काप्सुकस यांचा जन्म ७ एप्रिल १८८० चा, देशाच्या नैर्ऋत्येकडील सुवाल्किया भागातल्या बुद्व्हिएचियाई या खेड्यातला. घर खाऊन-पिऊन सुखी. हा भाग उर्वरित लिथुआनियाहून निराळा होता आणि त्याचे कारण थेट नेपोलियनपर्यंत जाते. १८०७ मध्ये नेपोलियनने स्थापलेल्या वॉर्साच्या डचीत हा मुलूख सामील झाला आणि तिथली भूदासपद्धत त्याच वर्षी कायद्याने संपली. झारच्या थेट ताब्यातल्या लिथुआनियात ती संपायला १८६१ उजाडले. अर्धशतकाच्या या फरकामुळे सुवाल्कियात स्वतःचे घर आणि पोराला शाळेत घालण्यापुरता पैसा असलेला शेतकरी तयार झाला. लिथुआनियन पुनरुज्जीवनाचे इतके पुढारी याच एका कोपऱ्यातून का आले, या प्रश्नाचे उत्तर प्रतिभेत शोधण्याआधी या कायद्यात शोधावे.

शेतकऱ्याच्या हुशार मुलाची वाट ठरलेली होती : मारियाम्पोले गावची माध्यमिक शाळा आणि मग सेइनी येथील कॅथलिक पाद्री घडवणारे विद्यालय. आईबापांना पोरगा पाद्री झालेला हवा असे, कारण झारच्या राज्यात लिथुआनियन माणसाला आपल्याच मुलखात प्रतिष्ठेने जगता येईल असे फारसे व्यवसायच नव्हते. काप्सुकस याच वाटेने निघाले आणि १८९८ मध्ये सेइनीतून काढले गेले. त्यांच्या आधी सुमारे वीस वर्षे याच परिसरातला, याच शाळेतला आणखी एक शेतकरीपुत्र याच विद्यालयातून बाहेर काढला गेला होता : विन्त्सस कुदिर्का. ‘व्हार्पस’चा प्राण असलेले, लिथुआनियाच्या आजच्या राष्ट्रगीताचे रचनाकार ते हेच. एकच तालुका, एकच शाळा, एकच हकालपट्टी. एकाच्या शब्दांवर आज देश उभा राहतो, दुसऱ्याचा पुतळा देशाने उखडून टाकला. सेइनीचा तिसरा एक विद्यार्थी पुढे या कथेत येणार आहे. त्याला मात्र कुणी काढले नाही.

सेइनीनंतर येल्गावाची शाळा, तिथूनही हकालपट्टी. मग स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठ. त्या काळी रशियन साम्राज्यातले निम्मे बंडखोर स्वित्झर्लंडच्या ग्रंथालयांत बसलेले असत. याच वर्षांत काप्सुकस ‘ऊकिनिन्कस’चे संपादक झाले आणि १९०३ मध्ये लिथुआनियन सोशल डेमोक्रॅटिक पक्षात दाखल झाले. एका हातात राष्ट्रवाद्यांचे पत्र, दुसऱ्या हातात मार्क्स. आज हे विसंगत वाटते, तेव्हा नव्हते. या पक्षाच्या १८९६ च्या कार्यक्रमात समाजवाद होता आणि स्वतंत्र लिथुआनियाची मागणीही होती.

कुठे तरी मात्र हा सांधा निखळला. १९०५ च्या क्रांतीत काप्सुकस सुवाल्कियात शेतमजुरांच्या संपांच्या कामी लागले. इथे थोडे थांबायला हवे, कारण १९१९ चे बीज इथे आहे. सुवाल्कियाच्या सुबत्तेला दुसरी बाजू होती. चांगल्या शेतकऱ्याच्या आणि जमीनदाराच्या वाड्यावर राबणारा भूमिहीन सालगडी. राहायला मालकाची खोली, मजुरीतला बराच भाग धान्यात. या माणसाला ‘ऊकिनिन्कस’ हे पत्र आपले वाटण्याचे कारण नव्हते. तो शेतकरी नव्हताच. काप्सुकस यांना तो दिसला आणि त्यांचा राष्ट्राच्या एकजुटीवरचा विश्वास उडाला. शेतकऱ्याच्या पोराने सालगड्याची बाजू घेतली, यात ढोंग काहीही नव्हते. पुढे त्याची किंमत त्यांनी वर्षानुवर्षे तुरुंगात मोजली.

तुरुंगाचा हिशेब थोडक्यात : अटक, पलायन, पुन्हा अटक, सक्तमजुरी. १९१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या राजवटीला तीनशे वर्षे झाली म्हणून सूट मिळाली आणि सैबेरियात रवानगी झाली. तिथून ते निसटले, तेव्हाच्या ऑस्ट्रियन पोलंडमध्ये पोहोचले आणि १९१४ मध्ये लेनिन यांना भेटले. युद्ध पेटल्यावर ब्रिटन गाठले. स्कॉटलंडमधील बेल्सहिल या खाणगावी लिथुआनियन कोळसा कामगारांची मोठी वस्ती होती. तिथे त्यांनी त्यांच्यासाठी पत्र चालवले. १९१६ मध्ये अमेरिका. फिलाडेल्फियात पुन्हा संपादकाची खुर्ची. काप्सुकस यांचे चरित्र म्हणजे एका अर्थी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांची यादी आहे. आयुष्यभर त्यांनी मजुरांसाठी लिहिले आणि यातला बहुतेक काळ ते लिथुआनियाच्या जमिनीपासून हजारो मैल दूर होते. १९०७ ते १९१८ या काळात त्या जमिनीवर काय बदलले, हे त्यांना कागदावरूनच कळत होते.

१९१७ मध्ये ते रशियात परतले, उन्हाळ्यात बोल्शेविक पक्षात गेले, पेट्रोग्राडमध्ये ‘तिएसा’, म्हणजे सत्य, या पत्राचे संपादन करू लागले. क्रांतीनंतर डिसेंबरात त्यांना लिथुआनियन व्यवहारांचे कमिसार नेमण्यात आले. हे खाते राष्ट्रीयत्वांच्या मंत्रालयाखाली होते आणि त्या मंत्रालयाचे प्रमुख होते स्टालिन. काप्सुकस यांचे सहायक झिग्मस अलेक्सा हेही सुवाल्कियाचेच. सैबेरियातल्या अंगारा नदीकाठी हद्दपारी भोगलेली, म्हणून टोपणनाव अंगारिएतिस. दोघांचे पुढे आयुष्यभर पटले नाही. तरी पक्षाचा गाडा दोघांनी मिळूनच ओढला.

इकडे विल्नियसमध्ये १६ फेब्रुवारी १९१८ रोजी लिथुआनियाच्या परिषदेने स्वातंत्र्याची घोषणा केली होती. देश तेव्हा जर्मन लष्कराच्या ताब्यात होता, त्यामुळे घोषणा बराच काळ कागदावरच राहिली. नोव्हेंबरात जर्मनी कोसळला. दोनच दिवसांत मॉस्कोने ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह रद्द ठरवला आणि लाल सेना पश्चिमेकडे निघाली. तिच्याबरोबर एक सरकारही हवे होते, नाही तर ती परकी स्वारी दिसली असती. ८ डिसेंबरला काप्सुकस यांच्या नेतृत्वाखाली हंगामी क्रांतिकारी सरकार बनले. त्याच्या जाहीरनाम्यावर १६ डिसेंबर ही तारीख आहे. २२ डिसेंबरला लेनिन यांनी त्याला मान्यता दिली. स्वतंत्र लिथुआनियाचे सरकार २ जानेवारीला विल्नियस सोडून काउनसला गेले, काही दिवस शहर पोलिश स्वयंसेवकांच्या हाती राहिले आणि ५-६ जानेवारीला लाल सेना आत शिरली.

या राजवटीला केवळ रशियन बाहुले म्हणून मोडीत काढणे सोपे आहे आणि बरेचसे खरेही. तिच्या संगिनी रशियन होत्या. पण एवढे म्हणून भागत नाही. विल्नियस हे लिथुआनियनांचे, पोलिशांचे, बेलारूसींचे, रशियनांचे आणि फार मोठ्या प्रमाणावर ज्यूंचे शहर होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये मॉस्कोच्या इच्छेने लिथुआनिया आणि बेलारूस यांचे मिळून ‘लिटबेल’ नावाचे एक प्रजासत्ताक करण्यात आले, तेव्हा त्याच्या पाच अधिकृत भाषा ठरल्या : लिथुआनियन, पोलिश, रशियन, बेलारूसी आणि यिद्दिश. त्या काळातल्या पूर्व युरोपात यिद्दिशला सरकारी भाषेचा दर्जा मिळणे ही मामुली गोष्ट नव्हती. शिक्षणखाते व्हात्स्लोव्हस बिर्झिश्का या ग्रंथसूचीकाराकडे होते आणि झारने १८३२ मध्ये बंद केलेले विल्नियसचे विद्यापीठ पुन्हा उघडण्याचा हुकूम याच सरकारने काढला.

याच सरकारने ओलीसही धरले. १९१९ च्या आरंभी शहरातील लिथुआनियन सार्वजनिक कार्यकर्त्यांना पकडून आधी तुरुंगात आणि मग पूर्वेकडे नेण्यात आले. त्यांत पाद्री मेचिस्लोव्हस रेनिस होते आणि फेलित्सिया बोर्त्केव्हिचिएने होत्या. या बाईंनी शेतकऱ्यांसाठीची पत्रे छापण्यात आणि राजकीय कैद्यांना मदत पोहोचवण्यात हयात घालवली होती. म्हणजे काप्सुकस ज्या वर्तुळात वाढले, त्याच वर्तुळातल्या त्या होत्या. काउनसच्या ताब्यातल्या कम्युनिस्टांच्या बदल्यात पुढे त्यांची सुटका झाली.

आता जमीन. रशियात बोल्शेविकांनी १९१७ मध्ये सत्ता घेताच पहिल्या दिवशी जो जमिनीचा हुकूम काढला, त्याने शेतकऱ्याला जमीनदाराची जमीन वाटून घेण्याची मोकळीक दिली. लेनिन यांना ठाऊक होते की सिद्धांताच्या दृष्टीने हा हुकूम शुद्ध नाही. मोठी शेती मोडून लहान तुकडे करणे मार्क्सवादी कार्यक्रमात बसत नव्हते. पण शिपाई शेतकरी होता आणि त्याला जमीन हवी होती. लेनिन यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. रशियातली सत्ता टिकण्याचे ते एक मोठे कारण होते.

काप्सुकस यांनी सिद्धांत बाजूला ठेवला नाही. त्यांच्या सरकारने वाडे, जंगले, चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. त्या वाटल्या मात्र नाहीत. मोठे वाडे सरकारी शेती म्हणून चालवायचे आणि सालगड्याने तिथेच, आता मालकाऐवजी सरकारसाठी, काम करत राहायचे असे धोरण ठरले. तर्क असा : जमीन वाटली की नवे छोटे मालक तयार होतात, आणि छोटा मालक हा उद्याचा भांडवलदार. शिवाय वाडा मोडला तर शहराला आणि सेनेला धान्य कोण देणार? कागदावर हा तर्क बिनचूक आहे. १९०५ चा संप पाहिलेल्या माणसाला तो आणखीच बिनचूक वाटला असणार, कारण त्याच्या नजरेत खेड्याचा नायक सालगडी होता आणि सालगडी हा मजूर होता. मजुराला पगार हवा, हक्क हवेत.

परंतु सालगड्याला शेतकरी व्हायचे होते. त्याला आठ-दहा हेक्टर, एक घोडा आणि स्वतःची चूल हवी होती. क्रांती आली, वाड्याचा मालक पळाला, आणि तरीही भल्या पहाटे त्याच शेतावर कुणाच्या तरी हुकमाने हजेरी लावायची असेल तर बदलले काय, हा त्याचा प्रश्न होता. ज्याच्याकडे थोडी जमीन होती, त्या शेतकऱ्याचे तर आणखी वेगळे दुखणे : लाल सेनेला धान्य आणि घोडे हवे होते, आणि ते त्याच्या अंगणातून जात होते. त्या बदल्यात त्याला द्यायला नव्या राजवटीपाशी काहीही नव्हते.

काउनसच्या सरकारने ही फट ओळखली. २९ डिसेंबर १९१८ रोजी त्याने देशरक्षणासाठी स्वयंसेवकांना हाक दिली. सुमारे १०,००० जण आले, बहुतांश खेड्यातले. लढणाऱ्याला जमीन मिळेल हे आश्वासन कायद्यात उतरले. फेब्रुवारी १९१९ मध्ये केदाइनियाई आणि अलीतुस इथल्या चकमकींत जर्मन स्वयंसेवकांच्या मदतीने या कोवळ्या फौजेने लाल सेनेला थोपवले आणि काउनस वाचले. जर्मन मदत नसती तर काय झाले असते, हा वाद इतिहासकारांत चालत राहील. काप्सुकस यांच्या बाजूने लढायला मात्र लिथुआनियन खेडे मोठ्या संख्येने उठले नाही.

शेवटचा घाव पोलंडचा. १९ एप्रिल १९१९, ईस्टरचा आदला दिवस. पिल्सुदस्की यांच्या फौजा विल्नियसमध्ये घुसल्या आणि तीन दिवसांत शहर पडले. सरकार मिन्स्कला हलले. ८ ऑगस्टला मिन्स्कही गेले. लिटबेल संपले.

सेइनीचा तो तिसरा विद्यार्थी आता रंगमंचावर येतो. मिकोलस क्रुपाव्हिचियस हे पाद्री झाले आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे पुढारीही. १९२२ च्या लिथुआनियन जमीनसुधारणा कायद्याचे शिल्पकार तेच. वाड्याला ८० हेक्टरांची मर्यादा, त्यावरची जमीन भूमिहीनांना, अल्पभूधारकांना आणि स्वयंसेवक सैनिकांना. क्रांतिकारकाने जे दिले नाही ते चर्चच्या माणसाने दिले. धार्मिक, परंपरानिष्ठ पक्षाने त्या काळच्या युरोपातल्या ठळक जमीनसुधारणांपैकी एक घडवून आणली आणि तसे करताना बोल्शेविकांच्या पायाखालची माती काढून घेतली. क्रुपाव्हिचियस हे काप्सुकस यांच्यापेक्षा अधिक दयाळू होते असे म्हणण्याची गरज नाही. ते त्या मधल्या वर्षांत खेड्याच्या अधिक जवळ राहिले होते, एवढे पुरे.

काप्सुकस यांना चूक कळली का? पक्षाने पुढे जमिनीच्या आणि राष्ट्रीयत्वाच्या प्रश्नावर आपण चुकलो हे मान्य केले, आणि काप्सुकस यांनी त्या पहिल्या राजवटीचा सविस्तर इतिहास स्वतः लिहिला. पण तोवर पक्ष बेकायदा होता आणि ते मॉस्कोत कॉमिन्टर्नच्या कार्यालयात बसलेले होते. तिथून लिथुआनियातली घडामोड वाचायची, सूचना पाठवायच्या, परक्या शहरात छापलेली पत्रके सीमेपलीकडे चोरून धाडायची. पुस्तकांच्या गाठोड्यांवर वाढलेल्या या माणसाच्या उतारवयातही गाठोडीच उरली होती. फक्त ती आता दुसऱ्या दिशेने येत होती.

१७ डिसेंबर १९२६ रोजी काउनसमध्ये लष्करी उठाव होऊन स्मेतोना यांची राजवट आली. कम्युनिस्ट बंडाचा धोका हे त्याचे निमित्त. दहा दिवसांनी कारोलिस पोझेला यांच्यासह चार कम्युनिस्टांना गोळ्या घालण्यात आल्या. मॉस्कोतून सूचना पाठवणाऱ्यांना याची किंमत द्यावी लागली नाही. ती देशात राहिलेल्यांनी दिली.

काप्सुकस १७ फेब्रुवारी १९३५ रोजी मॉस्कोत क्षयाने वारले. वय ५४. हे मरण वेळेवर आले असे म्हणणे क्रूर आहे, पण अंगारिएतिस यांच्याकडे पाहावे. १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली आणि मे १९४० मध्ये बंदिवासातच त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, १५ जून १९४० रोजी, लाल सेना लिथुआनियात शिरली. ज्या क्षणासाठी या माणसाने आयुष्य वेचले तो क्षण येण्याआधी काही आठवडे त्याच्याच पक्षाच्या राज्याने त्याला संपवले होते. काप्सुकस अंथरुणावर मेले, म्हणून ते शहीद नव्हे तरी संस्थापक म्हणून वापरता आले.

१९४० च्या नव्या सोव्हिएत राजवटीने या वेळी सुरुवात जमीनवाटपाने केली. तीस हेक्टरांवरची जमीन काढून भूमिहीनांना लहान तुकडे दिले. १९१९ चा धडा पाठ झाला होता. युद्धानंतर मात्र तेच तुकडे सामूहिक शेतीत ओढले गेले. शेतकरी तयार होईना, तेव्हा २२ आणि २३ मे १९४८ या दोन दिवसांत सुमारे ४०,००० माणसे मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे पाठवण्यात आली. मार्च १९४९ मध्ये आणखी सुमारे ३२,०००. त्यांत बायका-पोरे मोठ्या संख्येने होती. बरे घर, दोन-चार गाई आणि मजुराला काम देण्याइतकी शेती असली की माणूस ‘कुलाक’ ठरे. या व्याख्येत बुद्व्हिएचियाईचे मित्स्केव्हिचियस घराणेही सहज बसले असते.

१९५५ मध्ये मारियाम्पोलेचे नाव बदलून ‘काप्सुकस’ करण्यात आले. ज्या गावच्या शाळेत कुदिर्का आणि मित्स्केव्हिचियस शिकले ते गाव तीन तपांहून थोडा कमी काळ या नावाने नकाशावर होते. विल्नियस विद्यापीठालाही त्याच वर्षी त्यांचे नाव दिले गेले. १९१९ च्या त्या हुकमाची आठवण असावी. १९८९ मध्ये स्वातंत्र्य चळवळीच्या भरात गावाने आपले जुने नाव परत घेतले, विद्यापीठानेही नाव उतरवले. विल्नियसमध्ये लेनिन आणि काप्सुकस यांचा १९१४ च्या भेटीचा जोडपुतळा होता. तो हलवण्यात आला आणि आता दक्षिण लिथुआनियात द्रुस्किनिंकाईजवळच्या ग्रूतस उद्यानात, पाइनच्या झाडांखाली, इतर सोव्हिएत पुतळ्यांच्या सोबतीने उभा आहे. तिकीट काढून पाहता येतो.